मेंदूज्वराची लस: बाळाला दिलेलं इंजेक्शन किती वर्षं राखण करतं?

‘साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन झालं, आता बाळ मोकळं झालं.’ लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्यानंतर बरीच बाळं थेट वर्षा-दीड वर्षाने कार्ड घेऊन येतात, काही तर येतच नाहीत. नऊ महिन्यांच्या वेळचा डोस तिथे राहून जातो. मेंदूज्वराच्या बाबतीत हाच डोस पुढच्या काळातलं संरक्षण टिकवतो.

लस एकदा दिली की ती जन्मभर पुरते का? तान्ह्या बाळाला दिलेली आणि वर्षाच्या मुलाला दिलेली लस सारखीच टिकते का? दुसऱ्या देशांना याचा काय अनुभव आला, आणि आपल्या कार्डावर कुठल्या रकान्यात काय बघायचं? ही सगळी माहिती इथे एका जागी दिली आहे. लेख थोडा मोठा आहे, जपून ठेवा.

मेंदूज्वर म्हणजे नेमकं काय?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणं असतात. या आवरणांना जंतूंमुळे सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. गावाकडे आपण ‘मेंदूज्वर’ म्हणतो, किंवा ‘ताप डोक्यात गेला’ असं म्हणतो. साधा ताप वाढत जाऊन डोक्यात चढतो असा मात्र हा प्रकार नाही. जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथे सूज येते.

मेंदूज्वर विषाणूंमुळे होतो, जिवाणूंमुळे होतो आणि क्षयाच्या जंतूंमुळेही होतो. विषाणूंमुळे होणारा बहुतेक वेळा बरा होतो. जिवाणूंमुळे होणारा घातक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या दर 6 जणांपैकी साधारण 1 जण दगावतो आणि दर 5 पैकी 1 जणाला गंभीर व्यंग राहतं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला फिट्स येतात, कुणाचा हात-पाय अधू होतो, कुणी शाळेत मागे पडतं.

लहान मुलांत हा आजार करणारे मुख्य जिवाणू तीन आहेत:

- हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा प्रकार ‘बी’. नावात इन्फ्लुएंझा असलं तरी फ्लूशी याचा संबंध नाही.
- न्यूमोकोकस. हाच जंतू न्यूमोनियाही करतो. याचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत.
- मेनिंगोकोकस. याचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय असे गट आहेत. साथ पसरवणारा तो हाच.

हे जंतू घाणेरड्या पाण्यातून किंवा डासांतून येत नाहीत. ते माणसाच्या नाका-घशात राहतात. ज्याच्या घशात आहेत तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याच्या खोकण्या-शिंकण्यातून आणि जवळच्या सहवासातून ते बाळापर्यंत पोचतात. मोठी भावंडं, शाळकरी मुलं, घरातली माणसं यांच्याकडूनच बाळाला धोका असतो, आणि ते कुणाला दिसतही नाही.

आपल्या सरकारी लसीकरणात मेंदूज्वराची लस कोणती?

कार्डावर ‘मेंदूज्वराची लस’ असा वेगळा रकाना सापडणार नाही. ती वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली आहे:

- जन्मल्यावर: बीसीजी. डाव्या दंडावर दिली जाते. लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या मेंदूज्वरापासून ही वाचवते.
- दीड महिना (6 आठवडे): पेंटा-1 आणि पीसीव्ही-1. पेंटाव्हॅलंट लसीत पाच आजारांची लस एकत्र असते, त्यातलीच एक हिबची. पीसीव्ही ही न्यूमोकोकसची लस.
- अडीच महिने (10 आठवडे): पेंटा-2. या वेळी पीसीव्ही नसते. राहून गेली असं समजू नका.
- साडेतीन महिने (14 आठवडे): पेंटा-3 आणि पीसीव्ही-2.
- नऊ महिने पूर्ण झाल्यावर: पीसीव्ही बूस्टर. सोबत गोवर-रुबेलाचा पहिला डोस.
- 16 ते 24 महिने: डीपीटी बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस.

काही ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची (जेई) लसही नऊ महिन्यांना आणि 16 ते 24 महिन्यांत दिली जाते. तो आजार विषाणूचा आहे, डासांमार्फत पसरतो आणि थेट मेंदूला सूज आणतो. त्यामुळे जेईची लस घेतली म्हणजे पीसीव्हीची गरज संपली, असं होत नाही. दोन्ही वेगळ्या.

पेंटाव्हॅलंट आपल्या देशात 2011 च्या डिसेंबरमध्ये केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली आणि मग बाकी राज्यांत आली. पीसीव्ही 2017 मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर लागू झाली. म्हणजे आज जी मुलं शाळेत वरच्या वर्गात आहेत, त्यांच्यातल्या अनेकांना ती सरकारी दवाखान्यात मिळालेलीच नाही. ‘मोठ्याला हे इंजेक्शन नव्हतं, मग धाकट्याला कशाला?’ याचं उत्तर एवढंच, की मोठ्याच्या वेळी ती उपलब्ध नव्हती.

लस अंगात काय करते?

या तिन्ही जंतूंच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं कवच असतं. मोठ्या माणसाचं शरीर हे कवच ओळखून त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला मात्र हे कवच नीट ओळखता येत नाही. म्हणून तर हे जंतू बरोबर त्याच वयातल्या मुलांना गाठतात.

सुरुवातीच्या लसी नुसत्या या कवचापासून बनवलेल्या होत्या. मोठ्यांना त्यांचा उपयोग व्हायचा, पण बाळांना फारसा नाही. मोठ्यांतही संरक्षण काही वर्षांत ओसरायचं. मग शास्त्रज्ञांनी हे कवच एका प्रथिनाला जोडलं, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या लसीतल्या प्रथिनाला. प्रथिन बाळाच्या शरीराला लगेच ओळखता येतं आणि त्याच्यासोबत जोडलेलं कवचही ओळखलं जातं. अशा जोडलेल्या लसीला कॉन्जुगेट लस म्हणतात. पीसीव्ही या नावातला ‘सी’ म्हणजे हाच कॉन्जुगेट. पेंटामधली हिबची लसही अशीच.

कॉन्जुगेट लस दिली की शरीरात दोन गोष्टी घडतात. एक, रक्तात अँटिबॉडी तयार होतात. दोन, आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार होतात, ज्यांना मेमरी पेशी म्हणतात. पुढे तोच जंतू आला तर त्या पेशी जाग्या होऊन पुन्हा अँटिबॉडी बनवतात.

मग आठवण आहे तर बूस्टर कशाला?

पूर्वी बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं, की आठवण तयार झाली म्हणजे काम झालं. अनुभवाने वेगळंच शिकवलं.

शेतातल्या राखणीचं बघा. रक्तातल्या अँटिबॉडी म्हणजे रात्री शेतात जागणारा राखणदार. मेमरी पेशी म्हणजे गावात झोपलेली माणसं. हाक मारली की ती येणार, पण उठून, काठी-कंदील घेऊन शेतावर पोचायला वेळ लागणार. चोर निवांत येणारा असेल तर गावकरी पोचतात. चोर झपाट्याने काम उरकणारा असेल, तर गाव उठेपर्यंत शेत साफ झालेलं असतं.

मेनिंगोकोकस हा असा झपाट्याचा चोर आहे. घशात शिरल्यापासून दोन-चार दिवसांतही तो आजार करू शकतो. मेमरी पेशींना पुरेशा अँटिबॉडी बनवायला साधारण चार ते सात दिवस लागतात. म्हणून अशा आजारात जंतू येण्याआधीच रक्तात अँटिबॉडी हजर असाव्या लागतात.

आणि तान्ह्या बाळाच्या अँटिबॉडी लवकर ओसरतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी दीर्घकाळ तग धरतात त्या हाडांच्या आतल्या मगजात. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या मगजात त्यांना टिकून राहण्याची सोय अजून पुरती तयार झालेली नसते. त्यामुळे तीन डोस देऊनही काही महिन्यांत पातळी खाली येते. तीच लस नऊ महिन्यांनंतर किंवा वर्षानंतर पुन्हा दिली, की आधीची आठवण जागी होते, अँटिबॉडी जोरात वाढतात आणि जास्त काळ टिकतात.

तर मग लस वर्षानंतरच का देत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. पण हिब आणि न्यूमोकोकस यांचा मोठा धोका पहिल्या वर्षातच असतो. आईकडून गर्भात मिळालेल्या अँटिबॉडी पहिले काही महिने बाळाला सांभाळतात, पुढे त्या संपत जातात. वर्षापर्यंत थांबलो तर बाळ सर्वात नाजूक काळात उघडं पडेल.

म्हणून दीड महिन्यापासूनचे डोस हे आत्ताच्या संरक्षणासाठी, आणि नऊ महिन्यांचा बूस्टर हा पुढच्या टिकाऊ संरक्षणासाठी. दोघांचं काम वेगळं आहे. पहिले दिले म्हणून शेवटचा सोडता येत नाही आणि शेवटचा देऊ म्हणून पहिले टाळता येत नाहीत.

ब्रिटनला काय अनुभव आला?

याचा सर्वात स्पष्ट धडा ब्रिटनमध्ये मिळाला, तोही दोनदा.

1992 मध्ये तिथे हिबची लस सुरू झाली. बाळाला 2, 3 आणि 4 महिन्यांना तीन डोस, बूस्टर नाही. त्या वेळी चार वर्षांपर्यंतच्या मोठ्या मुलांनाही एकेक डोस दिला होता. आजार झपाट्याने कमी झाला. पण 1999 नंतर रुग्ण पुन्हा वाढू लागले. ज्यांना तान्हेपणी तीन डोस मिळाले होते, त्यांच्या अँटिबॉडी ओसरल्या होत्या. शेवटी 2003 मध्ये लहान मुलांसाठी बूस्टरची खास मोहीम घ्यावी लागली.

दुसरा धडा मेनिंगोकोकस ‘सी’ गटाचा. नोव्हेंबर 1999 मध्ये ब्रिटनने जगात पहिल्यांदा याची कॉन्जुगेट लस आणली. बाळांना 2, 3, 4 महिन्यांना, आणि पुढे 18 वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोहिमेत. काही वर्षांनी तपासणी झाली तेव्हा दिसलं, की मोठेपणी लस घेतलेल्या मुलांचं संरक्षण टिकून आहे. पण ज्यांना फक्त तान्हेपणीचे तीन डोस मिळाले, त्यांचं संरक्षण वर्षभरानंतर जवळजवळ उरलेलं नव्हतं.

तरीही तिथे साथ आली नाही. का? कारण किशोरवयीन मुलांना लस मिळाल्यामुळे त्यांच्या घशातला जंतूच कमी झाला होता. बाळापर्यंत जंतू आणणारे कमी झाले, म्हणून बाळं वाचली. 2006 मध्ये ब्रिटनने वर्षाच्या वयाला हिब आणि ‘सी’ गटाचा एकत्र बूस्टर सुरू केला, आणि 2013 मध्ये किशोरवयासाठी आणखी एक डोस जोडला.

यातून दोन गोष्टी कळतात. तान्हेपणीच्या डोसांवर विसंबून राहता येत नाही. आणि एका मुलाची लस दुसऱ्याच्या मुलालाही वाचवते.

पुण्यात बनलेली लस आणि आफ्रिकेतली साथ

आफ्रिकेत पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या इथिओपियापर्यंत एक मोठा पट्टा आहे. त्याला ‘मेनिंजायटिस बेल्ट’ म्हणतात. कोरड्या, धुळीच्या दिवसांत तिथे मेनिंगोकोकस ‘ए’ गटाच्या साथी यायच्या. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे 25 हजार दगावले.

श्रीमंत देशांच्या कंपन्यांना या लसीत फायदा दिसत नव्हता. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी मिळून स्वस्त लस बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. ती बनवण्याचं काम केलं आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. लसीचं नाव मेनआफ्रिव्हॅक. एका डोसाची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण वीस-बावीस रुपये.

6 डिसेंबर 2010 रोजी बुर्किना फासो या देशात मोहीम सुरू झाली. काही दिवसांतच एक कोटीहून जास्त लोकांना लस दिली गेली. वय वर्षं 1 ते 29, सगळ्यांना एकच डोस. एवढ्या मोठ्या वयोगटाला देण्यामागे हेतू हाच होता, की घशात जंतू बाळगणारे तरुणही सुटू नयेत. त्याच पट्ट्यातल्या चाड देशात, जिथे लस दिली त्या भागात मेंदूज्वराचं प्रमाण लस न दिलेल्या भागापेक्षा 94 टक्क्यांनी कमी आढळलं. पुढे पट्ट्यातल्या देशांत मिळून 30 कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली. 2017 नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा पक्का निदान झालेला रुग्ण सापडलेला नाही.

टिकण्याबद्दल काय दिसलं? 1 ते 2 वर्षांच्या वयात लस घेतलेल्या मुलांच्या रक्तात पाच वर्षांनंतरही बहुतेकांमध्ये पुरेशा अँटिबॉडी होत्या. ब्रिटनमधल्या तान्ह्या बाळांचं संरक्षण वर्षात ओसरलं होतं, हे लक्षात घ्या. लसी वेगळ्या, देश वेगळे, पण दिशा एकच: वर्षाच्या आसपास मिळालेला डोस जास्त टिकतो.

पण मोहीम एकदा झाली म्हणून भागत नाही. दरवर्षी नवीन बाळं जन्मतात आणि त्यांना मोहिमेतलं काहीच मिळालेलं नसतं. म्हणून 2016 पासून त्या देशांनी 9 ते 18 महिन्यांच्या बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस घ्यायला सुरुवात केली.

‘ए’ गेला तरी ‘सी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ गट राहिले, आणि त्यांच्या साथी आल्या. त्यावर सीरमनेच ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशा पाच गटांची एकत्र लस बनवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये तिला मान्यता दिली आणि 2024 मध्ये नायजेरियाने ती वापरायला सुरुवात केली.

थोडक्यात: कोणती लस किती टिकते?

- हिब (पेंटामधली): तान्हेपणीचे तीन डोस सर्वात धोक्याच्या काळात वाचवतात. आपल्याकडे 16 ते 24 महिन्यांना जो डीपीटी बूस्टर मिळतो, त्यात हिब नसते. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दीड वर्षाच्या आसपास हिबचा बूस्टर सुचवते, तो खासगी दवाखान्यात मिळतो. ज्यांना परवडतं त्यांनी डॉक्टरांना विचारावं. ज्यांना परवडत नाही त्यांनी घाबरून जाऊ नये. पाच वर्षांनंतर हिबचा मेंदूज्वर क्वचित होतो, आणि गावातली सगळी बाळं लस घेत असतील तर जंतूच कमी फिरतो.
- न्यूमोकोकस (पीसीव्ही): नऊ महिन्यांचा बूस्टर घेतला तर सर्वात धोक्याची पहिली काही वर्षं संरक्षण मिळतं. जंतूचे प्रकार खूप आहेत, लसीत त्यातले जास्त त्रास देणारे घेतलेले असतात. त्यामुळे लस घेऊनही क्वचित आजार होऊ शकतो.
- बीसीजी: बालपणातल्या क्षयाच्या मेंदूज्वरासाठी. एकदाच. खूण उठली नाही म्हणून पुन्हा द्यावी लागत नाही.
- मेनिंगोकोकस: आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 मध्ये साथी आल्या, पण आफ्रिकेसारख्या सतत येत नाहीत. हज आणि उमराहला जाणाऱ्यांना ती सक्तीची आहे. कॉन्जुगेट लसीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्तीचे काही आजार असलेल्या मुलांना डॉक्टर ती सुचवतात. अमेरिकेत 2005 पासून 11-12 वर्षांच्या मुलांना ती देत होते. पाच वर्षांत संरक्षण कमी होतं असं दिसल्यावर त्यांनी 16 व्या वर्षी दुसरा डोस जोडला.

आपल्याकडे डोस सुटतो कुठे?

आळसामुळे सुटतो असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण बहुतेक वेळा घर चालवण्याच्या धडपडीत असतं.

ऊसतोडीचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आता हिशेब करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेलं बाळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नऊ महिन्यांचं होतं. त्या वेळी आई-बाप फडावर, बाळ कोपीत. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या बाळाचे तर सुरुवातीचे तिन्ही डोस फडावरच येतात. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचंही तेच.

दुसरी अडचण माहेर-सासरची. पहिलं बाळंतपण माहेरी, बीसीजी आणि दीड महिन्याचं इंजेक्शन तिकडे, कार्डही तिकडच्या कपाटात. सासरी आल्यावर इकडच्या आशाताईला काहीच माहीत नाही. ‘कोणतं झालं, कोणतं राहिलं’ यातच महिने जातात.

तिसरी, पेंटाचा ताप. पहिल्या इंजेक्शनला बाळ दोन दिवस तापाने किरकिरलं, की घरातली जाणती माणसं म्हणतात, ‘बस्स झालं.’ हा ताप लस काम करत असल्याचं लक्षण आहे. नर्सताई सांगतील तेवढंच पॅरासिटामॉल द्या, अंगावर पाजत राहा. टोचलेल्या जागी हळद, तेल, बर्फ काही लावू नका.

उशीर झाला असेल तर?

- डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलात तिथून पुढे.
- पेंटा आणि पीसीव्ही सुरू करायची असेल तर बाळाचा पहिला वाढदिवस होण्याआधी गाठा. वर्षाच्या आत एक जरी डोस झालेला असेल, तर उरलेले नंतरही पूर्ण करता येतात.
- दोन डोसांत किमान किती अंतर हवं ते नर्सताई ठरवतील. तुम्ही फक्त बाळ आणि कार्ड घेऊन जा.
- लसीकरण देशात कुठेही मोफत मिळतं. फडाजवळच्या गावातल्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेशनकार्ड त्या गावचं नाही म्हणून लस नाकारता येत नाही.
- माता व बाल संरक्षण कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये काढून नवरा-बायको दोघांच्या फोनवर ठेवा. यू-विनवर नोंद करून घेतली असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातही झालेले डोस बघता येतात.
- हंगामाला निघण्याआधी आशाताईंना भेटून एकच प्रश्न विचारा: ‘आम्ही परत येईपर्यंत बाळाचे कोणते डोस येतात?’ तारखा लिहून घ्या.

साधी सर्दी, किंचित खोकला, एखादा जुलाब असेल तरी लस देता येते. जास्त ताप असेल तर नर्सताई पुढची तारीख देतील. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा.

लस झाली तरी ही लक्षणं विसरू नका

कोणतीही लस शंभर टक्के नसते. म्हणून ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत.

तान्ह्या बाळात: दूध सोडणं, अंग सैल पडणं किंवा एकदम ताठ होणं, वेगळ्याच चिरक्या आवाजात रडणं, उचललं तरी न शांत होणं, टाळू फुगलेली आणि ताठ लागणं, सारखी झोप, फिट येणं. ताप असेलच असं नाही. काही बाळांचं अंग उलट गार पडतं.

मोठ्या मुलांत: जोराचा ताप, भयंकर डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होऊन हनुवटी छातीला न टेकणं, उजेड सहन न होणं, बरळणं, गुंगी.

अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यावर दाबून बघा. दाबल्यावरही ठिपके फिके होत नसतील तर एक मिनिटही थांबू नका.

यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठा. अंगारा-धुपारा, उद्या सकाळी बघू, आधी गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे जाऊ, यात गेलेले तास परत येत नाहीत. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायला काढायचं म्हटलं तर नाही म्हणू नका. ‘त्याने मूल लुळं होतं’ हा गैरसमज आहे. कोणता जंतू आहे हे त्या पाण्यातूनच कळतं आणि योग्य औषध ठरतं. बरं होऊन घरी आल्यावर बाळाच्या कानाची तपासणी जरूर करून घ्या. ऐकू कमी येतंय हे वेळेत कळलं तर उपचार होतात.

आज एवढं करा

कार्ड काढा आणि तीन रकाने बघा: पेंटा-3, पीसीव्ही-2 आणि पीसीव्ही बूस्टर. तिन्हींसमोर तारीख असेल तर बाळाची राखण बसलेली आहे. शेवटचा रकाना कोरा असेल आणि बाळाचे नऊ महिने उलटले असतील, तर या आठवड्यातल्या लसीकरण सत्राची तारीख आशाताईंना विचारा. घरात बाळ नसेल तर ज्या घरात आहे त्यांना हे वाचून दाखवा. त्यांच्या बाळाच्या घशात जंतू नसणं, हे आपल्या नातवंडांच्याही फायद्याचं आहे.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या बाळाबद्दलचा निर्णय आरोग्यसेविका किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)